'हाऊ टू स्टील अ मिलियन' : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या छोट्या फिल्म मंडळात हा चित्रपट दर दोन-तीन वर्षांनी दाखवला जातो, आणि दर वेळी प्रश्न तेच येतात. कुणी फोनवर विचारतं, कुणी चिठ्ठी पाठवतं, कुणी बाहेर चहा पिताना हटकतं. ते सगळे एकदाच नीट लिहून काढावेत म्हणून हे पान. पहिल्या चार प्रश्नांत रहस्य फुटत नाही. पाचव्यापासून पुढचं मात्र चित्रपट पाहूनच वाचा, ही मनापासून विनंती.

१. गोष्ट थोडक्यात काय आहे? शेवट सांगू नका.

पॅरिसमध्ये शार्ल बॉने नावाचे एक गृहस्थ राहतात. मोठं घर, मोठा चित्रसंग्रह, समाजात मोठा मान. फक्त त्या संग्रहातली चित्रं त्यांनी स्वतःच माळ्यावरच्या खोलीत बसून रंगवलेली असतात. पैशांची त्यांना गरज नाही. हात चालतो, मजा येते, म्हणून ते नकली चित्रं काढतात. त्यांची मुलगी निकोल सरळमार्गी आहे आणि बापाच्या या उद्योगाने तिच्या जिवाला घोर लागलेला आहे.

घरात व्हीनस या प्रेमदेवतेची एक संगमरवरी मूर्ती आहे, सोळाव्या शतकातला इटालियन शिल्पकार चेल्लिनी याची म्हणून प्रसिद्ध. खरी गोष्ट अशी की ती निकोलच्या आजोबांनी घडवली आणि तिच्यासाठी उभी राहिली निकोलची आजी. ही मूर्ती बॉने एका संग्रहालयाला प्रदर्शनासाठी देतात. तिथे विम्याचा प्रश्न येतो, विम्यापाठोपाठ तपासणीचा, आणि बिंग फुटायची वेळ येते. मग निकोल ठरवते की आपलीच मूर्ती आपणच चोरायची. मदतीला घेते एका चोराला, ज्याला तिने आदल्याच आठवड्यात घरात रंगेहाथ पकडलेलं असतं.

२. कधीचा आहे, कुणाचा आहे, कोण कोण आहे त्यात?

१९६६ चा. रंगीत, दोन तास तीन मिनिटांचा. दिग्दर्शक विल्यम वायलर, पटकथा हॅरी कर्निट्झ यांची, मूळ कथा जॉर्ज ब्रॅडशॉ यांची. निकोल म्हणजे ऑड्री हेपबर्न, चोर सायमन डर्मट म्हणजे पीटर ओ'टूल. बाप झालेत ह्यू ग्रिफिथ, ज्यांच्या भुवया आणि डोळे निम्मा अभिनय करून जातात. व्हीनसने झपाटलेला अमेरिकन धनाढ्य डेव्हिस लीलंड आहे ईलाय वॉलक, आणि कलाविक्रेता द सोल्ने आहेत शार्ल बॉयेर.

वायलर आणि हेपबर्न यांचा हा एकत्र तिसरा आणि शेवटचा चित्रपट. पहिला 'रोमन हॉलिडे', १९५३ चा, ज्याने तिला ऑस्कर मिळवून दिलं. त्यात ती राजकन्या होती आणि रोम शहर होतं. इथे पॅरिस आहे आणि राजकन्येच्या हातात बादली आणि फडकं आहे. दोन्ही लागोपाठ पाहिलेत तर तेरा वर्षांत एक अभिनेत्री किती मोकळी झाली ते दिसतं.

३. नावातलं 'मिलियन' म्हणजे आपल्याकडचे किती पैसे?

मिलियन म्हणजे दहा लाख, इथे डॉलर. मूर्तीचा विमा तेवढ्याचा आहे. चित्रपट आला तो जुलै १९६६ मध्ये. त्याआधी महिनाभर, ६ जून १९६६ ला, भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं होतं आणि डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला होता. म्हणजे मे महिन्यात ही मूर्ती साधारण ४७ लाख ६० हजारांची आणि जुलैत ७५ लाखांची. त्या काळच्या पगारांच्या मानाने दोन्ही आकडे डोळे फिरवणारेच.

खरी किंमत अर्थात संगमरवराच्या एका तुकड्याची आणि एका नातेवाईक माणसाच्या मेहनतीची. चित्रपटाचं सगळं नाट्य विम्याची किंमत आणि खरी किंमत यांच्यातल्या फरकावर उभं आहे.

४. सुरुवात संथ वाटते. अर्ध्या तासात सोडून दिला. चूक केली का?

हो, आणि कृपा करून पुन्हा बसा. चोरी दुसऱ्या अर्ध्यात आहे. पहिल्या भागात वायलर काय करतोय ते लक्षात घेतलं की तो संथ वाटत नाही. कुणाला काय माहीत आहे आणि कुणापासून काय लपवलं आहे, याची तो मांडणी करतोय.

पहिल्या भेटीचा प्रसंगच बघा. रात्र आहे, निकोल अंथरुणात रहस्यकथांचं मासिक वाचत पडली आहे. खाली आवाज होतो. ती जिना उतरते, भिंतीवरची जुनी पिस्तूल उचलते. समोर उंच, देखणा, मेजवानीच्या कपड्यातला माणूस, हातात बापाने नुकतंच पुरं केलेलं व्हॅन गॉगचं 'चित्र'. पिस्तूल चुकून उडतं, गोळी दंडाला चाटून जाते. आता पोलिसांना बोलवावं तर पोलीस चित्र बघणार. मग ती त्याला आयोडीन लावते, नाइटगाऊनवर गुलाबी कोट आणि पायात रबरी बूट चढवते आणि त्याचीच गाडी चालवत त्याला हॉटेलवर सोडायला जाते! चोराला घरमालकीण घरपोच सोडते आहे आणि दोघांनाही हे वावगं वाटत नाही. तिला का वाटत नाही ते आपल्याला कळतं. त्याला का वाटत नाही, हे कळायला थांबावं लागतं.

५. मूर्ती नकली आहे तर बॉने ती सरळ परत का मागवत नाहीत?

(इथून पुढे रहस्य फुटतं.)

विम्याचा माणूस कागद घेऊन घरी येतो. बॉने ऐटीत सही ठोकतात. सही झाल्यावर कळतं की त्या सहीने तज्ज्ञाकडून तांत्रिक तपासणी करून घ्यायला त्यांनी संमती दिली आहे. आता तपासणीच्या तोंडावर मूर्ती परत मागितली तर त्याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळेल. आणि प्रश्न एका मूर्तीचा नाही. व्हीनसवर संशय आला की भिंतीवरचं प्रत्येक चित्र संशयात, आणि आजवर लोकांना विकलेलंही प्रत्येक. बापाच्या तुरुंगवारीची भीती निकोलला इथूनच लागते.

मला हा प्रसंग फार आवडतो, कारण संकट बाहेरून येत नाही. हा माणूस स्वतःच्या हाताने सही करून ते घरात घेतो. खोटी सही करण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला खरी सही महागात पडते.

६. सायमन खरा चोर आहे की नाही?

नाही. तो नकली कलावस्तू हुडकणारा आणि संग्रहालयांच्या सुरक्षेचा जाणकार आहे. बॉनेंच्या संग्रहाबद्दल शंका आल्याने द सोल्ने यांनी त्याला तपासाला लावलं आहे. त्या रात्री तो चित्र न्यायला आला नव्हता, तपासायला आला होता.

वायलरने हे शेवटासाठी राखून ठेवलेलं नाही. प्रेक्षकाला ते चोरीच्या आधीच कळतं, निकोलला मात्र कळत नाही. म्हणून पुढचा सगळा भाग दोन पातळ्यांवर चालतो. ती त्याला चोरी करायला सांगते आणि कारण सांगू शकत नाही. त्याला कारण माहीत आहे आणि तो ते विचारत नाही. ज्या माणसाने तिच्या बापाला पकडून द्यायचं, तोच पुरावा पळवायला मदत करतोय, तोही असा की पकडला गेला तर स्वतःची अब्रू आणि धंदा दोन्ही जाणार. प्रेमाची कबुली यापेक्षा वेगळी काय असते? ज्यांना वाटतं की यात चोरी जास्त आणि प्रेमकथा कमी, त्यांनी चोरीकडेच पुन्हा बघावं.

७. चोरी नेमकी कशी होते? दोनदा पाहिला तरी किल्लीचं कळलं नाही.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, म्हणून सावकाश सांगतो.

दोघं दिवसा प्रेक्षक म्हणून संग्रहालयात शिरतात आणि बंद व्हायच्या वेळी जिन्याखालच्या, झाडू-बादल्या ठेवायच्या चिंचोळ्या खोलीत लपतात. पहारेकरी फेरीवर येतो आणि खोलीला बाहेरून कुलूप लावून किल्ली भिंतीवरच्या खुंटीला अडकवतो. दोघं आत कोंडली जातात.

सायमनने ही किल्ली कुठे टांगतात ते आधीच हेरलेलं आहे. तो भिंतीच्या आतल्या बाजूने लोहचुंबक फिरवतो. बाहेर, रिकाम्या दालनात, किल्ली आपोआप खुंटीवरून उचलली जाते आणि भिंतीवरून सरकत दाराकडे येऊ लागते. आतला हात आपल्याला दिसतो, बाहेरची किल्लीही दिसते, पण दोन्ही कधीच एका चौकटीत नाहीत. त्यामुळे किल्ली जादूची वाटते आणि अनेकांचा गोंधळ तिथेच होतो. पुढचं काम दोऱ्याने होतं आणि दार आतून उघडतं.

मूर्तीभोवती इन्फ्रारेड किरणांचं कुंपण आहे. किरण तुटला की भोंगा. सायमन किरणांना चुकवत बसत नाही, उलट ते मुद्दाम तोडतो. बागेत सराव केलेलं बूमरँग तो लांबून फेकतो, ते किरण कापून त्याच्या हातात परत येतं. भोंगा बोंबलतो, पहारेकरी धावतात, पोलीस येतात. मूर्ती जागच्या जागी, दालनात कुणी नाही. सगळे परततात. पुन्हा बूमरँग, पुन्हा भोंगा. आजूबाजूच्या बड्या मंडळींची झोपमोड होते, तक्रारी येतात आणि वैतागलेले पहारेकरी यंत्र बिघडलं असं मानून भोंगा बंदच करून टाकतात.

आता सायमन शांतपणे जाऊन मूर्ती उचलतो आणि तिच्या जागी दारूची बाटली ठेवतो. ती तिथल्याच एका चोरून पिणाऱ्या पहारेकऱ्याची. सकाळी फरशी पुसायला बायका येतात. निकोल त्यांच्यातली एक होऊन गुडघ्यांवर बसून फरशी घासत पुढे सरकते आणि मूर्ती तिच्या बादलीत जाते. चोरी लक्षात येते तेव्हा जी धावपळ होते, त्यात पहारेकऱ्याच्या गणवेशातला सायमन आणि फडकेवाली निकोल यांच्याकडे बघायला कुणाला वेळ नसतो.

या सगळ्यात एक गोष्ट हातून निसटू देऊ नका. भोंगा बंद करायला त्याने कुठलीही तार कापली नाही. संग्रहालयाच्या माणसांनीच तो बंद केला.

८. हे खरंच जमेल का? की निव्वळ सिनेमा?

चुंबकाचं जमणार नाही. चुंबकाची ओढ अंतराबरोबर झपाट्याने घटते. दगडविटांच्या जाड भिंतीतून किल्ली उचलणं हातातल्या चुंबकाला शक्य नाही, आणि आजचे ताकदवान निओडिमियम चुंबक तर १९८० च्या दशकात आले. लाकडी पातळ फळी असती तर एक वेळ मानलं असतं, तेही किल्ली लोखंडाची असेल तर. पितळेच्या किल्लीला चुंबक लागतच नाही. बूमरँगचंही तसंच. नेहमीच्या बूमरँगला वळून परत यायला मैदान लागतं, खांब आणि झुंबरांमध्ये ते कशाला तरी आदळेल.

पण खोट्या गजराची युक्ती? ती शंभर टक्के खरी आहे, आणि तिचा दाखला असा आहे की ऐकून अंगावर काटा येतो. ज्या चेल्लिनीच्या नावाने ही मूर्ती खपवली जाते, त्याच चेल्लिनीचं सोन्याचं मीठदान व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयात असतं. ११ मे २००३ च्या पहाटे एक माणूस दुरुस्तीसाठी बांधलेल्या परांचीवरून वर चढला, खिडकी फोडली, काच फोडली आणि मीठदान घेऊन गेला. भोंगा वाजला होता. पहारेकऱ्यांना वाटलं, नेहमीसारखाच खोटा गजर असेल, आणि त्यांनी तो बंद केला. वस्तूची किंमत तेव्हा सुमारे ५ कोटी युरो सांगितली जात होती. जानेवारी २००६ मध्ये ती व्हिएन्नाच्या वायव्येला झ्वेट्लजवळच्या रानात, पेटीत पुरलेली सापडली. चोरी करणारा माणूस व्यवसायाने काय होता? गजर यंत्रणांचा जाणकार. चित्रपटानंतर सदतीस वर्षांनी हे घडलं.

आतच लपून राहण्याबद्दलही विचारतात. १९११ मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून 'मोनालिसा' नेणाऱ्या पेरुजाने रात्रभर कपाटात दबा धरला होता, असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. पकडल्यावर त्याचं स्वतःचं म्हणणं मात्र वेगळं होतं. २१ ऑगस्टच्या सोमवारी, संग्रहालय बंद असताना, कामगारांचा पांढरा डगला घालून सकाळी इतरांबरोबर आत गेलो, असं त्याने सांगितलं. म्हणजे कपाटापेक्षा गणवेश कामाला आला. निकोलच्या फडक्याचा आणि सायमनच्या टोपीचा मुद्दा तोच आहे.

९. चेल्लिनी खरा होता का? ही व्हीनस कुठे बघायला मिळेल?

बेन्वेनुतो चेल्लिनी खरा. १५०० ते १५७१, फ्लॉरेन्सचा सोनार आणि शिल्पकार. मेदुसा राक्षसीचं तोडलेलं मस्तक उंचावून धरलेला त्याचा काशाचा पर्सियस, ग्रीक पुराणातला वीर, आजही फ्लॉरेन्सच्या चौकात उभा आहे. वर सांगितलेलं मीठदान त्याने फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याच्यासाठी केलं होतं. चेल्लिनी काही वर्षं पॅरिसलाच राहिला, त्यामुळे पॅरिसमधल्या जुन्या घराण्यात त्याची एखादी मूर्ती असणं कुणालाही पटेल. कथालेखकाने नाव विचार करून निवडलंय.

व्हीनस मात्र चित्रपटापुरतीच. क्लेबर-लाफायेत संग्रहालयही काल्पनिक आहे.

१०. संगमरवर तर जुनाच असतो. मग मूर्ती नकली आहे हे तज्ज्ञाला कसं कळणार?

चांगला प्रश्न. दगड लाखो वर्षांचाच असतो, पण छिन्नी लागलेला पृष्ठभाग नवा असतो. शतकानुशतकं हवेत राहिलेल्या संगमरवराच्या वरच्या थरात बदल होतात. अतिनील प्रकाशात जुना पृष्ठभाग साधारण पिवळट-पांढरा आणि डागाळलेला चमकतो, तर ताजा कापलेला जांभळट दिसतो. ही पद्धत १९३० च्या दशकापासून माहीत आहे, म्हणजे १९६६ मध्ये बॉनेंनी घाबरावं हे योग्यच होतं. शिवाय हत्यारांच्या खुणा असतात, आणि शैली असते. प्रत्येक काळाची सौंदर्याची कल्पना चेहऱ्यात उतरते. आजीच्या तरुणपणी घडवलेली व्हीनस सोळाव्या शतकातल्या बाईसारखी कशी दिसेल? बॉने स्वतःच सांगतात की आजी भरपेट जेवायला लागण्याच्या आधीची ही मूर्ती आहे!

११. बॉनेंसारखे लोक खरोखर असतात?

असतात, पण इतके आनंदी क्वचित. सर्वांत गाजलेला हॉलंडचा हान फान मेगेरन. त्याने सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याच्या नावाने नवी चित्रं काढली, नामवंत जाणकारांनी ती डोक्यावर घेतली आणि एक तर थेट हिटलरचा साथीदार गोरिंगकडे पोहोचलं. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये राष्ट्राचा ठेवा शत्रूला विकला म्हणून त्याला अटक झाली. तेव्हा जीव वाचवायला त्याला कबूल करावं लागलं की ते चित्र मीच काढलंय. कुणाचा विश्वास बसेना, म्हणून पहाऱ्यात बसून त्याने आणखी एक 'व्हर्मीर' रंगवून दाखवलं. १९४७ मध्ये एक वर्षाची शिक्षा झाली आणि ती भोगायच्या आतच तो वारला.

दोघांत एक गोष्ट सारखी आहे, आणि ती म्हणजे प्रत न करणं. मेगेरनने व्हर्मीरची माहीत असलेली चित्रं उतरवली नाहीत, व्हर्मीरने काढली असती अशी नवी काढली. बॉनेही तेच करतात. त्यांचा एक युक्तिवाद असा की व्हॅन गॉगचं त्याच्या हयातीत एकच चित्र विकलं गेलं आणि त्याच्या स्मरणार्थ मी दोन विकली. बोलताना ह्यू ग्रिफिथच्या चेहऱ्यावर इतकी निर्मळ श्रद्धा असते की क्षणभर पटतं. निकोलला मात्र कधीच पटत नाही, आणि चित्रपटाचा तोल तिच्यामुळे राहतो.

१२. ऑड्रीच्या कपड्यांची इतकी चर्चा का होते?

कारण ते कपडे गोष्ट सांगतात. ते फ्रेंच फॅशन डिझायनर युबेर द जिव्हान्शी यांचे, दागिने कार्तिएचे. पहिल्यांदा निकोल दिसते ती लहानशा उघड्या लाल गाडीतून, अंगभर पांढरं, डोक्यावर शिरस्त्राणासारखी पांढरी टोपी, पांढऱ्या काडीचा मोठा गॉगल. दुसरीकडे, सायमनला चोरीची गळ घालायला ती रिट्झ हॉटेलच्या बारमध्ये येते ती काळ्या लेसच्या पोशाखात, डोळ्यांवर काळ्या लेसचा पातळ मुखवटा. भाबड्या मुलीची गुन्हेगाराची कल्पना रहस्यकथांतून आलेली आहे, आणि ती तशी नटून आली आहे. प्रश्न ४ मधलं ते मासिक आठवा.

आणि मग चोरीच्या रात्री सायमन तिला फरशी पुसणाऱ्या बाईचे कळकट कपडे देतो आणि म्हणतो की चला, जिव्हान्शीला एक रात्र सुट्टी. त्या कपड्यांत ती सगळ्यात सुंदर दिसते, असं माझं ठाम मत आहे. चेहऱ्यावर पहिल्यांदाच काही लपवल्याची भीती नाही.

१३. संगीत ओळखीचं वाटलं. कुणाचं?

श्रेयनामावलीत 'जॉनी विल्यम्स' असं नाव येतं. हेच पुढचे जॉन विल्यम्स, १९७५ चा 'जॉज' आणि १९७७ चा 'स्टार वॉर्स' करणारे. इथे ते चौतीस वर्षांचे आहेत.

१४. लीलंडच्या भूमिकेत दुसराच नट होता असं ऐकलं.

बरोबर. आधी जॉर्ज सी. स्कॉट यांना घेतलं होतं. पहिल्याच दिवशी ते सेटवर फार उशिरा आले आणि त्यांना काढण्यात आलं. मग ईलाय वॉलक आले.

१५. पॅरिसला जातोय. कुठल्या जागा बघाव्यात?

संग्रहालयाचा बाहेरचा भाग म्हणजे मारे भागातलं कार्नाव्हाले संग्रहालय, पॅरिस शहराच्या इतिहासाचं. आतली दालनं मात्र तिथे शोधू नका, ती स्टुडिओत उभारलेली होती. नेपथ्य अलेक्सांद्र ट्रॉनेर यांचं. जिना, त्याखालची खोली आणि पहाऱ्याची जागा यांचं एकमेकांशी नातं इतकं स्पष्ट आहे की दुसऱ्यांदा पाहताना आपण डोळे मिटून चालू शकू. प्लास व्हांदोमवरचं रिट्झ आहेच, बाहेरून बघायला पैसे पडत नाहीत.

१६. लीलंड इतका श्रीमंत आणि हुशार, मग तो फसतो कसा?

तो फसतो कारण त्याला व्हीनस हवी आहे, तिच्याबद्दल माहिती नको आहे. निकोलशी लग्न ठरवण्यामागेही मूर्तीची ओढ आहे. सायमन याच भुकेचा उपयोग करतो. मूर्ती मिळेल, पण ती कुणाला दाखवायची नाही आणि बॉने कुटुंबाशी पुन्हा संबंध ठेवायचा नाही. एका दगडात तीन कामं होतात. नकली मूर्ती तपासणीच्या आवाक्याबाहेर जाते, लग्न मोडतं, आणि लीलंडला त्याची आयुष्यभराची ठेव मिळते. त्याच्यापुरती ती खरीच राहील. चित्रपट त्याची चेष्टा करत नाही, आणि मला ते फार सभ्य वाटतं.

१७. स्वतःचीच वस्तू पळवली तर ती चोरी कशी? वकील मित्राशी वाद झालाय.

वाद दोघांनी जिंकलाय, देश कुठला त्यावर. निकोलही म्हणते की जे आपलं नाही ते मी चोरेन का, आणि फ्रान्सच्या कायद्यात तिच्या म्हणण्याला आधार आहे. त्या वेळी लागू असलेल्या १८१० च्या दंडसंहितेत, कलम ३७९ मध्ये, चोरी म्हणजे 'आपल्या मालकीची नसलेली वस्तू' लबाडीने नेणं. मूर्ती बॉनेंची, नेली त्यांच्याच मुलीने, त्यांच्याच भल्यासाठी.

आपल्याकडे व्याख्या मालकीवर नाही, ताब्यावर आहे. भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७८ खालचं उदाहरणच असं होतं की स्वतःचं घड्याळ गहाण टाकून, कर्ज न फेडता ते सावकाराकडून गुपचूप काढून आणलं तर ती चोरी. आता हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये आलं आहे. तिथेही हेतू अप्रामाणिक होता का, हे बघावं लागतंच. आणि कुठल्याही देशात, हरवलेल्या मूर्तीपोटी विम्याचे दहा लाख मागितले असते तर ती सरळ फसवणूक. नकली मूर्ती चेल्लिनीची म्हणून मिरवण्याचा गुन्हा वेगळाच, त्यातून कुठलंही कलम बॉनेंना सोडवणार नाही.

१८. निकोल चित्रपटभर खोट्याचा तिटकारा करते. मग शेवटी स्वतःच खोटं का बोलते? दिग्दर्शकाचं भान सुटलं का?

सुटलेलं नाही. यासाठी पुन्हा त्या जिन्याखालच्या खोलीत जावं लागेल. दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसली आहेत, बाहेर पहारेकऱ्याच्या बुटांचा आवाज जवळ येतो आणि लांब जातो. हलायला जागा नाही, मोठ्याने बोलायची सोय नाही. इथेच तिला उमगतं की मूर्ती नकली आहे हे याला पहिल्यापासून ठाऊक होतं. मग हे सगळं का करतोस, असं ती विचारते. उत्तर शब्दांत येत नाही. बापाचं गुपित सांभाळत इतकी वर्षं एकटी राहिलेल्या मुलीला पहिल्यांदा असं माणूस भेटतं, ज्याच्यापुढे काही लपवायचं उरलेलं नाही. तो तीन फुटांचा कोनाडा तिला घरापेक्षा मोकळा आहे.

त्यानंतर तिला खोट्याची भीती राहत नाही. बॉने आता धंदा सोडल्याचं वचन देतात. दोघं गाडीत बसून निघतात, आणि त्याच वेळी व्हॅन गॉग बघायला आलेला दक्षिण अमेरिकेतला धनिक बॉनेंच्या दारात हात पसरून उभा राहतो. हा कोण, असं सायमन विचारतो. ती पापणी न लववता सांगते की आमचे लांबचे नातेवाईक. सायमनला खरं काय ते कळलंय, तिला कळलंय की त्याला कळलंय. तो एवढंच म्हणतो की नुकतीच खोटं बोलायला लागलेल्या माणसाच्या मानाने तुझा हात छान बसलाय, आणि गाडी पुढे जाते.